पिस्तुलाच्या स्लाइडला टिकाऊ काळा फिनिश: नागपूरच्या परवानाधारकांसाठी पायरीपायरीने

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पांढरी पडायला सुरुवात होते ती नळीच्या तोंडाजवळच्या दोन कोपऱ्यांपासून. होल्स्टरमध्ये घालता-काढताना घासतं ते तिथेच. मग पाळी येते मागच्या खाचांची, कारण बोटांचा घाम त्यांत जाऊन बसतो. एखाद्या पावसाळ्यात त्या खाचांच्या तळाशी तांबूस ठिपके दिसले की माणूस गन हाऊसची पायरी चढतो. काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "ब्लूइंग करायचं की कोटिंग?" आणि समोरचा गप्प बसतो. ब्लूइंग म्हणजे रसायनाने पोलादाचा पृष्ठभागच काळा करणं, कोटिंग म्हणजे वरून वेगळा थर चढवणं.

माझ्या .३२ पिस्तुलाच्या स्लाइडचं काम करून घेताना जे विचारून, वाचून आणि मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून समजून घेतलं, ते इथे क्रमाने मांडतोय. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक सल्ले अमेरिकेतले असतात. तिकडे माणूस घरच्या गॅरेजमध्ये स्लाइड रंगवतो किंवा पार्सल करून कोटिंगवाल्याकडे पाठवतो. आपल्याकडे ते जमत नाही. म्हणून जगातला सर्वांत टिकाऊ फिनिश कोणता, या वादात वेळ घालवू नका. आपल्या स्लाइडच्या धातूवर, आपल्या वापराला पुरेल असं, परवाना असलेल्या हाताकडून काय करून मिळेल, एवढंच ठरवायचं आहे.

१. कायद्याची बाजू आधी उरका

शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. त्यामुळे "पूर्ण पिस्तूल कुठे देतोय, नुसती स्लाइड तर देतोय" हा युक्तिवाद टिकत नाही. कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती धंदा म्हणून करायलाही परवाना लागतो. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत ब्लॅकोडायझिंग, फॉस्फेटिंग, पावडर कोटिंग करणारे पुष्कळ युनिट आहेत आणि काही जण कामात तरबेजही आहेत. पण शस्त्राचा परवाना नसलेल्या युनिटच्या टाकीत तुमची स्लाइड गेली, तर तोही अडकतो आणि तुम्हीही. "फॅक्टरीत आपला माणूस आहे, आतून करून देतो" असं सांगणारे आपल्या शहरात हमखास भेटतात. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

दुसरी गोष्ट नंबरची. शस्त्रावर ठोकलेला क्रमांक, निर्मात्याचं नाव किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे. पॉलिशिंगच्या चाकावर स्लाइड जोरात धरली की अक्षरांच्या कडा झिजतात, आणि जाड कोटिंग मारलं की अक्षरं बुजतात. हेतू कितीही स्वच्छ असो, नूतनीकरणाच्या वेळी नंबर वाचता आला नाही तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

पिस्तूल तुम्ही स्वतः नेणं सर्वांत सरळ. ते शक्य नसेल तर कलम ३ मध्ये सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. मात्र ते पत्र खरोखर लिहून, सही करून द्या. फोनवर "हो, मीच पाठवलंय त्याला" म्हणणं पुरत नाही. आणि काम राज्याबाहेर करून घ्यायचा विचार असेल तर तुमचा परवाना कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे ते आधी उघडून पाहा.

सोबत ठेवायचे कागद:

- मूळ परवाना, त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख) क्रमांक स्पष्ट दिसेल अशी एक झेरॉक्स
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- पिस्तुलाचे दोन्ही बाजूंचे फोटो, क्रमांक वाचता येईल असे, काम देण्याच्या दिवशीचे
- दुकानदाराच्या परवान्यावर दुरुस्तीची परवानगी आहे याची खात्री. तो भिंतीवर लावलेला असतो, वाचायला लाजू नका
- जमा केल्याची पावती, तिच्यावर शस्त्राचा क्रमांक, कामाचं स्वरूप आणि परत देण्याची तारीख

काही शंका राहिली तर नागपूर शहरात पोलिस आयुक्तालयाची शस्त्र परवाना शाखा आणि ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय. तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. डिसेंबरात अधिवेशन लागलं की पोलिसांची सगळी धावपळ तिकडे असते, तेवढे दिवस सोडून जा. निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली असेल तर थांबणंच बरं. शस्त्र जमा करण्याचा आदेश आला आणि पिस्तूल मिस्त्रीच्या टेबलावर सुटं पडलेलं असलं, तर उगाच पळापळ होते.

२. पिस्तूल रिकामं करा

आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा केला तर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाच्या जागेतलं) काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड सोडताच मॅगझिनमधलं दुसरं आत जातं. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळी घालून चाचपा. काडतुसं घरीच, दुसऱ्या खोलीत कुलपात. दुकानात नेताना पिस्तूल पेटीत, मॅगझिन वेगळं.

घरी फक्त रोजच्या सफाईपुरतं उघडायचं: स्लाइड, नळी, रिकॉइल स्प्रिंग. फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) काढण्याचं काम मिस्त्रीचं.

३. धातू कोणता ते ओळखा

इथे बरेच जण चुंबकावर भरवसा ठेवतात आणि फसतात. चुंबक चिकटला म्हणजे साधं पोलाद, नाही चिकटला तर स्टेनलेस, हा हिशेब स्वयंपाकघरातल्या डब्यांना चालेल. बंदुकीत वापरलं जाणारं स्टेनलेस बहुधा कठीण करता येणाऱ्या जातीचं असतं आणि त्याला चुंबक व्यवस्थित चिकटतो. चुंबकाने फक्त एवढंच कळतं की स्लाइड ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची आहे की नाही.

खरी चाचणी मोरचुदाची. स्लाइडच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी फिनिश गेलेला एखादा ठिपका शोधायचा, ॲसिटोनने तेल पुसायचं आणि मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब टेकवायचा. साधं पोलाद असेल तर काही क्षणांत तिथे तांब्याचा लालसर पापुद्रा धरतो. स्टेनलेसवर काही होत नाही. थेंब लगेच पुसून, पाण्याने धुऊन, तेल लावायचं. माझ्या मिस्त्रीने हे माझ्यासमोर काडीच्या टोकाने केलं. तांबडा डाग बोटाच्या नखाएवढासुद्धा नव्हता, पण प्रश्न मिटला.

ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .३२ पिस्तूल किंवा आजोबांच्या काळचं जुनं विलायती पिस्तूल असेल तर स्लाइड बहुधा पोलादाचीच. तरीही चाचणी करा. कारण साध्या ब्लूइंगचं रसायन स्टेनलेसवर चढत नाही, आणि ॲल्युमिनियमला तर ते अक्षरशः खातं.

ज्यांच्याकडे विनापरवाना चालणारं एअर पिस्तूल आहे, म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं, त्यांच्यासाठी: त्यांच्या स्लाइड बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांवर पोलादासाठीचं ब्लूइंग, फॉस्फेटिंग चालत नाही. रंग किंवा हवेत वाळणारं कोटिंग हाच मार्ग.

४. तुमचं पिस्तूल दिवसभर कुठे असतं?

हा प्रश्न लोक टाळतात, आणि निवड खरं तर इथेच होते.

माझं पिस्तूल वर्षातले बरेच महिने कपाटात असतं. त्याचा शत्रू घर्षण नाही, दमट हवा आहे. आणि नागपुरात दमट हवा फक्त पावसाळ्यात असते असं समजू नका. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडीठाक, पण घरात चोवीस तास कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपतंय, चादरी ओलसर लागतायत, आणि त्याच खोलीतल्या कपाटात लोखंड ठेवलेलं. माझ्या स्लाइडवरचा पहिला गंज जुलैतला नव्हता, कूलरच्या दिवसांतला होता.

माझा मावसभाऊ काटोलकडे संत्र्याची बाग सांभाळतो. त्याचं पिस्तूल सकाळपासून कमरेला. घाम, धूळ, चामड्याचं होल्स्टर, मोटारसायकलवरचे हादरे. त्याला घर्षणही झेलायचंय आणि घामातलं मीठही. त्यामुळे आम्हा दोघांचं उत्तर वेगळं आलं, आणि दोन्ही बरोबर आहेत.

तिसरा प्रकार नेमबाजी करणाऱ्यांचा. त्यांची स्लाइड आतून जास्त झिजते, रेल्समध्ये (फ्रेमवर स्लाइड ज्यांवरून सरकते त्या पट्ट्यांमध्ये) आणि नळी जिथे घासते तिथे. बाहेरच्या रंगापेक्षा आतलं माप बिघडणार नाही याला त्यांनी महत्त्व द्यावं.

५. पर्याय, आणि त्यांच्याबद्दल माझं मत

कोल्ड ब्लू. बाटलीतलं रसायन कापसाने लावायचं, पुसायचं, झालं. यात बहुधा सेलेनियमचं संयुग असतं; ते विषारी आहे, हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. रंग पहिल्या दिवशी सुरेख दिसतो. होल्स्टरमध्ये आठवड्यातच कोपरे पुन्हा उघडे. एखादा ओरखडा झाकायला ठीक आहे, पूर्ण स्लाइडला टिकाऊ फिनिश म्हणून कुणी हेच करून देत असेल तर दुकान बदला. ओळखायची खूण सोपी: "अर्ध्या तासात घेऊन जा" असं सांगितलं की समजा बाटलीच उघडणार आहेत.

हॉट ब्लूइंग. आपल्या कारखानदारीत यालाच ब्लॅकोडायझिंग म्हणतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचं दाट द्रावण साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात पोलाद बुडवतात. पोलादाच्या वरच्याच थराचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. जाडी जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मापात फरक शून्य. रेल्स, फायरिंग पिनची वाट, सगळं जसंच्या तसं बसतं. अक्षरं बुजत नाहीत. दिसायला मूळ कंपनीसारखं. उणीव अशी की हा थर स्वतः गंज फारसा अडवत नाही; तो तेल धरून ठेवतो आणि तेल गंज अडवतं. तेल संपलं की संरक्षणही संपलं.

यातले दोन दोष नंतर उघडे पडतात. एक, स्लाइडला जांभळी-तपकिरी झाक येणं. टाकीचं तापमान चुकलं किंवा पोलादाची जात वेगळी असली की असं होतं. दुसरा जास्त त्रासदायक: क्षार फटींमध्ये अडकून राहतात आणि काही दिवसांनी साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) मुळाशी, खाचेत, पांढरट खपली बाहेर येते. ती नुसती पुसून भागत नाही. उकळत्या पाण्यात नीट धुणं आणि नंतर तेलात बुडवून ठेवणं या दोन पायऱ्या मिस्त्रीने गाळल्या, असा त्याचा अर्थ.

रस्ट ब्लूइंग. मुद्दाम बारीक गंज चढवायचा, तुकडा पाण्यात उकळून त्या लाल गंजाचा काळा करायचा, मऊ तारेच्या ब्रशने घासायचा, आणि हेच पुन्हापुन्हा. थर हॉट ब्लूइंगपेक्षा चिवट, रंग मखमली. वेळ खूप लागतो, त्यामुळे करणारे हात कमी उरलेत. जुन्या, घराण्यातल्या पिस्तुलाला मी हेच सुचवेन. तशा पिस्तुलावर चकचकीत कोटिंग बघवत नाही.

फॉस्फेटिंग. लष्करी शस्त्रांवर दिसणारा करडा-काळा, खरबरीत फिनिश. मँगनीज फॉस्फेटचं द्रावण उकळीच्या जरा खाली, ९० अंशांच्या आसपास, आणि त्यात ब्लास्टिंग केलेलं, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून खरबरीत केलेलं पोलाद. तयार होणारा थर स्फटिकांचा, सूक्ष्म छिद्रांचा, काही मायक्रॉन जाड. तेल असं शोषून घेतो की आठवडाभर घासलं तरी थोडं उरतंच. फक्त साध्या पोलादावर चालतो. काळाभोर हवा असेल तर निराश व्हाल, कारण रंग गडद करड्याकडे झुकतो. पण त्याचा खरा उपयोग पुढच्या थराचा पाया म्हणून आहे.

भाजलेलं सिरॅमिक कोटिंग. सेराकोट हे नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याची एच मालिका भट्टीत भाजायची. स्लाइडवर फवारून साधारण १२० अंश सेल्सिअसला दोन तास. या तापमानाला पोलादाच्या कठीणपणाला धक्का लागत नाही. जाडी सुमारे २५ मायक्रॉन. घाम, ओलावा, सफाईची रसायनं यांना हे कोटिंग दाद देत नाही, आणि थोड्याशा तेलावरही भागतं. पण २५ मायक्रॉन म्हणजे ब्लूइंगच्या कित्येक पट. रेल्समध्ये, ब्रीचच्या तोंडावर (काडतुसाचं बूड जिथे टेकतं तिथे), एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत आणि फायरिंग पिनच्या भोकात ते जाऊ द्यायचं नाही. तिथे मास्किंग, म्हणजे झाकून ठेवणं, लागतंच. याच ब्रँडच्या सी मालिकेत हवेत वाळणारे प्रकारही आहेत. ते पूर्ण कडक व्हायला काही दिवस घेतात आणि मुख्यतः भट्टी न सोसणाऱ्या भागांसाठी असतात. पोलादी स्लाइडला भाजलेलंच घ्या.

आणि हो, होल्स्टरच्या कोपऱ्यांवर सिरॅमिकही कधी ना कधी झिजतं. "आयुष्यभराची गॅरंटी" म्हणणाऱ्याकडून ती कागदावर मागा, लगेच आवाज खाली येतो. जाहिरातीत मिठाच्या फवाऱ्यात इतके तास टिकलं असं लिहिलेलं असतं, तो गंजाचा हिशेब आहे. घासण्याचा हिशेब वेगळा.

नायट्रायडिंग. टेनिफर, मेलोनाइट, क्यूपीक्यू ही सगळी याच घरातली नावं. ५८० अंशांच्या आसपासच्या वितळलेल्या क्षारांमध्ये नायट्रोजन पोलादाच्या पृष्ठभागात शिरतो आणि तो भाग दगडासारखा कठीण होतो. ग्लॉकच्या स्लाइडची ख्याती यामुळेच. त्यांच्यात वरचा काळा रंग उडाला तरी खालचा कठीण थर राहतो. टिकाऊपणात हे नक्कीच वरचं. पण नव्या स्लाइडसाठी कारखान्यात, पोलादाची जात आणि मूळ उष्णता-प्रक्रिया माहीत असताना करायचं काम आहे. जुनी स्लाइड जर कमी तापमानाला टेम्पर केलेली (कठीण केल्यावर पुन्हा तापवून घेतलेली) असेल तर ५८० अंशांना तिचा गाभा मऊ पडू शकतो. वरून कठीण, आतून मऊ अशी स्लाइड हातात धरून गोळी झाडायची माझी तरी तयारी नाही.

डीएलसी. निर्वात पेटीत चढवलेला, हिऱ्याच्या जातीच्या कार्बनचा दोन-चार मायक्रॉनचा थर. अतिशय कठीण, पातळ, सुंदर काळा. आपल्याकडे कटिंग टूल आणि साचे यांच्यासाठी हे होतं, पण सामान्य परवानाधारकाला कायदेशीर वाटेने मिळणं अवघड. शिवाय खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच वर दिसतो. एक खड्डा लपत नाही.

स्प्रे पेंट, गाडीचा काळा डुको, पावडर कोटिंग. पहिले दोन सफाईच्या सॉल्व्हंटने सुटतात. तिसरं इतकं जाड की पिस्तूल पुन्हा जोडलंच जाणार नाही.

आता सरळ सांगायचं तर: कपाटात राहणाऱ्या पिस्तुलाला बारीक ब्लास्टिंगवर मॅट हॉट ब्लूइंग आणि वेळच्या वेळी तेल. मी तेच केलं. रोज कमरेला असणाऱ्याला फॉस्फेटिंगच्या पायावर भाजलेलं सिरॅमिक. मावसभावाने ते निवडलं. फॉस्फेटिंग न जमल्यास नुसत्या ब्लास्टिंगवर सिरॅमिक चालेल. स्टेनलेस स्लाइडला थेट सिरॅमिक.

६. निम्मं काम फिनिशच्या आधी होतं

मिस्त्री मला म्हणाला, "कलर तं कोनीबी मारून देते भाऊ, घासाले टाइम कोनापाशी हाय?" पुढचा तासभर मी तो घासतानाच पाहत होतो.

क्रम असा असतो. स्लाइडमधून सगळं काढायचं: फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, त्यांच्या स्प्रिंगा, मागची साइट. स्प्रिंग कुठल्याही गरम टाकीत जाता कामा नये. पुढची साइट मऊ कथलाने झाळलेली असेल तर हॉट ब्लूइंगचं रसायन तो कथील खातं; हे आधी तपासून घ्या. साइटवरचे पांढरे ठिपके प्रक्रियेत जातात, ते नंतर पुन्हा भरावे लागतात, म्हणजे बिल करतानाच ते काम सांगून ठेवा.

मग जुना फिनिश आणि गंज उतरवणं. सौम्य आम्ल, म्हणजे व्हिनेगर किंवा पातळ फॉस्फोरिक, थोडा वेळ, सतत लक्ष ठेवून. बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरणारा मिस्त्री दिसला तर पिस्तूल परत घ्या. तीव्र आम्लाने काम पटकन होतं, पण पृष्ठभाग कोरला जातो, आणि कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. लहान भागांत हा धोका जास्त.

गंजाने खड्डे पाडले असतील तर तिथे निर्णय घ्यावा लागतो. चकचकीत ब्लूइंग प्रत्येक खड्डा आरशासारखा दाखवतं. खड्डे जाईपर्यंत घासायचं म्हटलं तर अक्षरं आणि कडा जातात. मॅट ब्लास्टिंगने उथळ खड्डे बऱ्यापैकी मिसळून जातात, खोल राहतात. माझ्या स्लाइडच्या डाव्या बाजूला अजून तीन-चार टाचणीच्या टोकाएवढे आहेत. राहू दिले, कारण त्यांच्या शेजारीच क्रमांक आहे.

ब्लास्टिंगला ॲल्युमिनियम ऑक्साइड, १०० ते १२० ग्रिट. नदीच्या वाळूने करणारेही आहेत. त्या धुळीने फुप्फुसं खराब होतात आणि पृष्ठभागही ओबडधोबड येतो. रेल्स, ब्रीचचं तोंड आणि नंबराची जागा टेपने झाकूनच ब्लास्टिंग.

शेवटी तेल काढणं. ॲसिटोनने धुऊन झाल्यावर स्लाइडला उघड्या बोटाचा स्पर्श नाही, फक्त हातमोजे. सिरॅमिकसाठी एक पायरी जास्त: धुतलेली स्लाइड आधी कोटिंग न लावताच भट्टीत तापवायची. धातूच्या रंध्रांत आणि फटींत मुरलेलं जुनं तेल घाम फुटल्यासारखं वर येतं. दिसलं की पुन्हा धुवायचं. ही पायरी गाळली की वर्षभरात साइटच्या भोवती कोटिंगचे पापुद्रे निघतात आणि दोष कोटिंगच्या कंपनीला दिला जातो. भाजायला घरातला ओव्हन कुणी देऊ नये. त्या वाफा परत केकमध्ये नकोत.

७. पैसे ठरवण्याआधी हे विचारा

काम इथेच होणार की बाहेर जाणार? बाहेर म्हणजे कोणाकडे, आणि त्याच्याकडे शस्त्र दुरुस्तीचा परवाना आहे का? जुना फिनिश कशाने उतरवणार? कोणकोणते भाग झाकणार? नंबराची जागा कशी सांभाळणार? आधी केलेलं एखादं काम पाहायला मिळेल का, आणि शक्यतो वर्षभर वापरलेलं? नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

पिस्तूल ईशापूर किंवा कानपूरच्या कारखान्याचं असेल तर विक्रेत्यामार्फत निर्मात्याकडेही एक पत्र टाकून विचारा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे कारखाने कानपूर मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीखाली आहेत, म्हणून पत्त्यावर जुन्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचं नाव घालू नका.

८. परत घेताना

दुकानातच, उजेडात, घाई न करता. क्रमांक पावतीशी आणि फोटोशी जुळवा. अक्षरांवरून नख फिरवा, कडा लागायला हव्यात. मग रिकाम्या पिस्तुलावर:

- स्लाइड स्प्रिंगशिवाय फ्रेमवर सरकवून पाहा. कुठेही अडखळता कामा नये
- स्प्रिंग लावून मागे ओढून सोडा. पूर्ण पुढे जाऊन बसायला हवी
- फायरिंग पिन मोकळी हलते का, हे मिस्त्रीकडून करून दाखवून घ्या. तिच्या वाटेत कोटिंग गेलं असेल तर पिन अडकू शकते, आणि अडकलेली पिन पुढे आलेली असली तर तो सरळ अपघात आहे
- सेफ्टी, ट्रिगर, मॅगझिनची पकड
- नकली काडतुसं मॅगझिनमध्ये भरून हाताने सायकल करा. एक्स्ट्रॅक्टर प्रत्येक वेळी पकडतो का पाहा

प्रत्यक्ष गोळ्या झाडून पाहणं फक्त परवानगी असलेल्या रेंजवर. शेतात, फार्महाऊसवर "एक राउंड टाकून बघू" हा प्रकार नको. पहिल्या वापरानंतर रेल्सवर आणि नळीच्या वरच्या बाजूला चमकदार रेघा दिसतील. त्या साहजिक आहेत.

९. नंतर रोजचं

चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल साठवू नका. चामडं कमवताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेला ओलावा मिळून कुठलाही फिनिश खातात. होल्स्टर कमरेसाठी, कपाटासाठी कोरडी पेटी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं त्याहून वाईट. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या अधूनमधून तापवून कोरड्या करायच्या. पेटी कूलर नसलेल्या खोलीत.

तेल पातळ, खनिज. खोबरेल, जवस, मोहरी यांपैकी काहीही नको. ती हवेत किंवा थंडीत घट्ट होतात आणि स्लाइड जड करतात. ब्लूइंग असेल तर हात लागला की पुसून तेलाचा हलका हात, सिरॅमिक असेल तर बाहेरून नुसतं पुसलं तरी चालतं, पण रेल्सना तेल हवंच. मृग लागण्याआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा पूर्ण उघडून पाहायचं. निवडणुकीत शस्त्र जमा करताना मात्र ब्लूइंगवाल्यांनी तेल नेहमीपेक्षा जास्त लावावं आणि सुती कपड्यात गुंडाळून, पावतीवर शस्त्राची स्थिती लिहून घ्यावी. परत मिळेल त्या दिवशी घरी आल्यावर आधी स्लाइड काढून खाचांच्या तळाशी टॉर्च मारायचा.